देवाला मी नको होते का?



पास्काकाळातील चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, आपण पाचारणांसाठी प्रार्थना करतो. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली ही प्रथा सुरू केली. यंदा त्या दिवशी मिस्सा संपल्यावर आवारातल्या क्रुसापाशी एक मावशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. वय साठीच्या पुढचे. त्या म्हणाल्या, "फादर, मी पण तरुणपणी सिस्टर व्हायला गेले होते. वर्षभराने मला घरी पाठवलं. कारण काही नीट सांगितलं नाही. चाळीस वर्षं झाली, पण या रविवारी मला मिस्साला बसवत नाही. देवाला मी नको होते का?"

मी पटकन म्हणालो, "मावशी, देवाची तशीच इच्छा असेल." त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. रात्री मला झोप येईना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, आणि एका दुखावलेल्या जिवाला तयार वाक्य देऊन मोकळा झालो! त्यांना जे उत्तर द्यायला हवे होते, ते त्यांच्या परवानगीने आज येथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. मनाजोगते शिक्षण राहून गेलेल्यांचा, लग्न न जमलेल्यांचा, घरासाठी स्वप्ने गुंडाळून ठेवलेल्यांचाही तो आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. देव एखादी गोष्ट घडू देतो आणि देव ती गोष्ट घडवून आणतो, यांत मोठा फरक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद काळजीपूर्वक मांडला आहे. माणसाला स्वातंत्र्य दिल्यावर माणसाच्या हातून होणाऱ्या चुकाही देव घडू देतो. म्हणून त्या चुकांवर देवाची सही असते असे नाही. मठाच्या किंवा सेमिनरीच्या दाराशी बसलेल्या वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो. पुष्कळदा ते 'नाही' योग्यही असते, कारण आपली प्रत्येक ओढ म्हणजे पाचारण नव्हे. पण कधी ते चुकीचेही असू शकते. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट खरी राहते : एक दार बंद झाले, म्हणजे देव बोलायचा थांबला असे होत नाही.

याला साक्षीदार आपल्या शेजारचाच आहे. वसईचा संत गोन्सालो गार्सिया! वडील पोर्तुगीज, आई इथलीच. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आपल्या वांद्र्यात संत अँड्र्यूचे चर्च उभे राहत होते त्याच सुमारास, वसईच्या येशूसंघीय फादरांकडे शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात दाखल व्हावे ही त्याची तळमळ होती. त्याला घेतले नाही.

पुढे त्याने काय केले? त्याने व्यापार केला! आपण संतांच्या कथा सांगताना ही वर्षे भरभर ओलांडतो. मला मात्र तीच महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत गोन्सालो गिऱ्हाइकांशी बोलत होता, हिशेब ठेवत होता, समुद्र ओलांडत होता. आपले पाचारण संपले की चालू आहे, हे त्याला कोण सांगणार होते? अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून स्वीकारले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालोला सोबत नेले, आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर बोलण्यासाठी त्याचीच जीभ उपयोगी पडली. ज्या भाषेच्या बळावर त्याला पहिल्या दारातून प्रवेश मिळाला नव्हता, ती भाषा वाया गेली नव्हती. देवाची कृपा आपला स्वभाव आणि अनुभव पुसून टाकत नाही, त्यांना पूर्णत्वाला नेते, असे संत थॉमस म्हणतात ते असे.

गंमत पाहा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस १५२३ साली जेरुसलेमला गेले. आयुष्यभर तेथेच राहायचा त्यांचा निश्चय होता. त्यांना परत पाठवले कोणी? तेथल्या फ्रान्सिस्कनांनी! ते परतले, मोठ्या वयात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले, आणि पुढे त्यातूनच येशूसंघ उभा राहिला.

आणि हे केवळ संतांच्या बाबतीत घडले असेही नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घरी उघडून वाचा. प्रभूने भूतबाधेतून मुक्त केलेला माणूस मचव्यात चढू पाहतो, मलाही बरोबर न्या म्हणून विनवतो. प्रभू येशू स्वतः त्याला नाही म्हणतो! पण त्याला नाकारत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांत जाऊन देवाने काय केले ते सांगण्याचे काम त्याला देतो. मचव्यात बसलेल्या बारा जणांना पाचारण होते आणि किनाऱ्यावर उरलेल्याला नव्हते, असे कोण म्हणेल?

आपली समजूत मात्र तशीच झाली आहे. फादर-सिस्टर होणे म्हणजे पाचारण, आणि बाकीच्यांचा नुसता प्रपंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच 'लुमेन जेंटियम' या दस्तऐवजात स्पष्ट केले की, पवित्रतेचे पाचारण प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे, आणि प्रापंचिकांनी ते संसारात, कामधंद्यात राहूनच जगायचे आहे. ते पाचारण आपल्याला स्नानसंस्कारात मिळते. चिंबईत मासळीची पाटी उचलणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे करणारी, या सगळ्यांना ते आहे. पाचारण म्हणजे वांद्रे स्टेशनातून सुटलेली शेवटची लोकल नव्हे, की एकदा चुकली आणि आयुष्यभर फलाटावर उभे राहिलो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे गोन्सालोला क्रुसावर भाल्याने मारण्यात आले. त्या दिवशी २६ जण हुतात्मे झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन आणि तिघे येशूसंघीय होते. ज्या संघात गोन्सालोला प्रवेश मिळाला नाही, त्या संघाचे लोक त्याच ओळीतल्या क्रुसांवर होते! उरलेले सतरा जण प्रापंचिक जपानी होते : कोणी सुतार, कोणी स्वयंपाकी, कोणी वैद्य. त्यांतल्या एकाची कथा सांगतात. शिपायांनी यादीतल्या मथियास या नावाने हाक मारली. तो मथियास तेथे नव्हता. शेजारचा एक माणूस पुढे आला. माझेही नाव मथियास, मी तो नव्हे, पण ख्रिस्ती आहे, असे त्याने सांगितले. शिपायांनी त्यालाच नेले. हाक दुसऱ्यासाठी होती, ओ त्याने दिली. १८६२ साली ख्रिस्तसभेने गोन्सालोबरोबर त्यालाही संत म्हणून घोषित केले.

मावशी, तुम्ही भावाची पोरकी मुले वाढवलीत. गेली कित्येक वर्षे दर रविवारी तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानग्यांना क्रुसाची खूण करायला शिकवता. ते दार तुमच्यासाठी का बंद झाले, हे मला माहीत नाही, आणि 'देवाची इच्छा' म्हणून ते दुःख मी झाकणारही नाही. पण तुम्ही देवाला नको होतात, हे खरे नाही. तुम्ही रोज त्याला ओ देत आला आहात. पुढच्या वर्षी या रविवारी पहिल्या बाकावर बसा.

आणि आपण सर्वांनी आज रात्री झोपण्यापूर्वी इग्नेशियसच्या रीतीने दिवसाची उजळणी करावी. आज मला कोणी हाक मारली? मी ओ दिली का? उत्तर मिळेल, आणि बहुधा ते घरातल्याच कोणाच्या तरी आवाजात मिळेल.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू