सुटकेचा निःश्वास

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा नागपूरहून गोंदियाला आला, तो पिशवीत सिनेमाच्या पाच-सहा डिस्क घेऊन. जुन्या ब्रिटिश भयपटांचा आणि खूनपटांचा त्याला नाद आहे. सिनेमा जितका विसरलेला, तितका त्याला प्रिय. “मामू, यातला एक तर आपल्या मुलखावरचा आहे,” असं म्हणून त्याने एक डबी माझ्या हातात दिली. ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’, साल १९५९, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. निर्मिती हॅमर कंपनीची. ख्रिस्तोफर लीला ड्रॅक्युला करून जगभर पोहोचवणारी तीच ही कंपनी.

माझ्या पिढीला हा नाद नवा नाही. १९८०च्या दशकात आमच्या गावात व्हिडिओ पार्लर निघाली. व्हीसीआर भाड्याने आणायचा, मोहल्ल्यात वर्गणी काढायची आणि रात्रभरात तीन सिनेमे पाहायचे, असा रिवाज होता. दिवाळीनंतर मंडईला झाडीपट्टीची नाटकं रात्रभर पाहणाऱ्या या मुलखाला जागरण नवं नव्हतं. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आम्ही असाच पाहिला, ‘वीराना’ही असाच पाहिला. घासलेल्या कॅसेटमधून चित्र थरथरायचं आणि भीती आणखी वाढायची. त्या सिनेमांना तेव्हा कुणी कला म्हणत नव्हतं. पुढे त्याच रामसेपटांच्या डीव्हीडी एका परदेशी कंपनीने निगुतीने काढल्या.

घरगुती व्हिडिओने अशा पुष्कळ सिनेमांना जीवदान दिलं. मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ १९६० साली समीक्षकांनी इतका झोडपला की त्या मोठ्या दिग्दर्शकाची कारकीर्द मोडली. आज तो अभ्यासाचा विषय आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००९ पासून अशा अडगळीतल्या ब्रिटिश सिनेमांसाठी ‘फ्लिपसाइड’ नावाची वेगळी मालिकाच चालवली. याच ब्रिटनमध्ये १९८४ साली व्हिडिओ कॅसेटमुळे पोरं बिघडतात म्हणून ओरड झाली होती आणि संसदेने खास कायदा केला होता. काल जे विष ठरवलं, ते आज जपून ठेवलं जातं. हे चांगलं की वाईट, हा प्रश्न मला त्या रात्री पडला.

‘स्ट्रँगलर्स’ कृष्णधवल आहे. कंपनी सरकारचा एक कॅप्टन, वाटेत बेपत्ता होणारे तांडे, रुमालाने गळा आवळणारे ठग आणि कालीचा पुजारी. पुजाऱ्याचं काम सायप्रसमध्ये जन्मलेल्या जॉर्ज पास्टेल या नटाने केलं आहे. सारा हिंदुस्थान लंडनजवळच्या ब्रे स्टुडिओत उभा केलेला. एका प्रसंगात बांधून ठेवलेल्या कॅप्टनवर नाग येतो आणि त्याचं पाळीव मुंगूस त्याला वाचवतं. त्या सिनेमात मुंगसाला स्वभाव आहे, पण पडद्यावरच्या देशी गर्दीला चेहरा नाही. हा १९५९ सालचा सिनेमा २००८ साली अमेरिकेत डीव्हीडीवर आणि २०१८ साली ब्रिटनमध्ये ब्लू-रेवर आला. चित्र इतकं स्वच्छ की रुमालाची वीण दिसावी.

पाहताना माझ्या मनात काय आलं ते कबूल करतो. पडद्यावर कालीची मूर्ती होती, पुजारी होता. टोपी, दाढी, अजान यातलं काही नव्हतं. मनात आलं, चला, या वेळी आपण नाही.

मुसलमान वाचकाला हा निःश्वास समजावून सांगायला नको. कुठे स्फोट झाल्याची बातमी आली की आरोपीचं नाव ऐकेपर्यंत आपल्या घरात जी शांतता पसरते, ती आपण सगळे ओळखतो. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये माझं नाव ऐकल्यावर समोरच्या प्रवाशाची नजर माझ्या बॅगेकडे गेली, तो क्षण मला वीस वर्षांनंतरही आठवतो. तरी सिनेमातला आरोपी दुसरा निघाला म्हणून मी मोकळा श्वास घेतला.

आणि तो मोकळेपणाही खोटाच होता. ठगांवरची गाजलेली कादंबरी १८३९ सालची, मेडोज टेलरची. निजामाच्या चाकरीतला हा इंग्रज पुढे नळदुर्गलाही होता. त्याच्या कादंबरीत गुन्ह्यांची कबुली देणारा नायक आहे अमीर अली, म्हणजे मुसलमान. मुखवटा तोच होता. फक्त एका कथेत तो एकाच्या तोंडावर चढवला आणि दुसऱ्या कथेत दुसऱ्याच्या.

वाटेवर खून झालेच नव्हते, असं म्हणणं खोटं होईल. ठगी नेमकी किती आणि कशी होती यावर इतिहासकारांत वाद आहे, पण वाटसरू मारले गेले होते. विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम जबलपुरातून चालवली. गोंदियाहून छोट्या लाइनची गाडी ज्या जबलपूरला जायची, तेच हे गाव. मोहीम माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभी होती. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा झाला. अमुक खून तू केलास, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे तर जन्मच पुरेसा ठरला. आधी कृत्य, मग टोळी, मग जन्म अशा तीन पायऱ्यांत न्यायाचा संशय झाला. त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्याच्या पालावर जातात.

भाच्याने दुसरी डिस्क लावली. मायकेल रीव्हजचा ‘विचफाइंडर जनरल’, १९६८. पुढच्याच वर्षी पंचविसाव्या वर्षी हा दिग्दर्शक वारला. सतराव्या शतकातला मॅथ्यू हॉपकिन्स हा खरा माणूस. यादवी युद्धाच्या धामधुमीत तो गावोगाव फिरून चेटकिणी शोधून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. या सिनेमात भूत नाही, चेटूक नाही. बोट दाखवणारा एक माणूस आहे आणि बोट आपल्याकडे वळलं नाही म्हणून गप्प उभी असलेली माणसं आहेत. तेव्हाच्या ब्रिटिश सेन्सॉरने याचे तुकडे कापले होते. पुढे घरगुती आवृत्त्यांत ते परत जोडले गेले.

हा सिनेमा मला पुढे पाहवेना. कारण मला आमची गल्ली आठवली.

‘वीराना’ आला त्या वर्षीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एक विधवा बिड्या वळायची. मागच्या गल्लीतलं एक मूल तापाने गेलं. कुणीतरी म्हणालं, आदल्या दिवशी हिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. एवढ्यावर बाई करणी करते असं ठरलं. ठेकेदाराच्या माणसाने तिला पानं-तंबाखू देणं थांबवलं. नळावर बायका तिच्या आधी बादल्या उचलून निघू लागल्या. आम्ही पोरं तिच्या दारावरून जाताना सिनेमातल्या चेटकिणीचा आवाज काढायचो. त्या पोरांत मीही होतो.

माझी अम्मीही बिड्या वळायची. कुणाचं मूल रडतं राहिलं की दम करून पाणी द्यायची. संशयाचं बोट तिच्याकडेही वळू शकलं असतं. ते वळलं नाही म्हणून आमचं घर गप्प राहिलं. महिन्याभरात ती बाई ट्रंक उचलून बालाघाटच्या गाडीत बसली. तेव्हाही माझ्या मनात हेच आलं होतं की चला, आपण नाही.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडने २००५ साली ‘टोनही’ ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं आणि त्याआधी डॉ. दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. कायदा बोट दाखवणाऱ्याला धरतो. गप्प बसून निःश्वास टाकणाऱ्याला कोणतं कलम लावणार? त्याचा हिशेब दुसरीकडे होतो. सूरह हुजुरातमध्ये संशय, दुसऱ्याच्या खाजगीत डोकावणं आणि पाठीमागची निंदा यांना एकाच ठिकाणी मनाई आहे. आपण ती आयत इतरांना ऐकवतो, पण स्वतःला ऐकवत नाही.

“मग असले सिनेमे जाळून टाकायचे का?” भाच्याने विचारलं. मला तसं वाटत नाही. ‘स्ट्रँगलर्स’ नष्ट झाला तर बनवणाऱ्यांचीच सोय होईल, कारण त्यांनी आपल्याकडे कसं पाहिलं याचा पुरावा जाईल. आणि कात्री एकदा चालू झाली की ती ‘विचफाइंडर’वरही चालते, हे आपण पाहिलंच. भीती ही माणसाची जुनी गरज आहे. आमच्या दादीही जिनांच्या गोष्टी सांगायच्या. पण जिनाच्या गोष्टीनंतर सकाळी कुणा शेजारणीचं पाणी तुटत नव्हतं. तेव्हा सिनेमा जरूर पाहावा, जपूनही ठेवावा. फक्त खुनी कोण हे कळल्यावर आपल्याला हायसं वाटलं, तर ते का वाटलं, हे स्वतःला विचारावं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्या बाईचं नाव विचारलं. मला आठवेना. मोहल्ल्यात आम्ही तिला जे म्हणायचो तेवढंच जिभेवर येत होतं, आणि ते मला उच्चारायचं नव्हतं.

अम्मी आता फारशी बोलत नाही. खाटेवर तसबीह घेऊन बसलेली असते. भाच्याने तिला विचारलं, “नानी, ती बिडीवाली बाई, तिचं नाव काय होतं?”

तसबीहवरचं बोट थांबलं. अम्मीने तिचं नाव सांगितलं. मग तिच्या नवऱ्याचं, आणि मग तिच्या दोन्ही मुलींचं.