ओहोळ कां आटला?

शास्त्रांत पाण्याच्या टंचाईच्या दोन गोष्टी आहेत. पहिली एलीयाची. देवाच्या आज्ञेनें तो करीथ ओहोळापाशीं राहिला व त्याचें पाणी प्याला. परंतु कांहीं काळानें तो ओहोळ आटला, कारण देशांत पाऊस पडला नाहीं. दुसरी इसहाकाची. त्याच्या बापाच्या वेळीं खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं माती टाकून बुजविल्या होत्या. पाणी दोन्ही ठिकाणीं नाहींसें झालें. परंतु एके ठिकाणीं आकाश बंद होतें, आणि दुसऱ्या ठिकाणीं मनुष्याचा हात चालला होता. हा भेद मनांत धरून आज आपण आपल्या गोदावरीकडे पाहूं.

प्रथम आकाशाचा भाग. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुसळधार. पण तेथून थोडें पूर्वेस उतरलें कीं ढग रिते होतात. म्हणून नेवासें, शेवगांव, पैठण या बाजूस नदीला येणारें पाणी बहुतेक वरच्या डोंगरांतील पावसावर अवलंबून असतें. तो पाऊस दरवर्षीं सारखा नसतो. दूर प्रशांत महासागराचें पाणी तापलें, तर पुष्कळदां आपल्याकडील मोसमी पाऊस दुबळा होतो. २०१५ व २०२३ हीं तशीं वर्षें होतीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत पैठणच्या जायकवाडी धरणांतील उपयोगाचें पाणी संपलें होतें. आणि ऑगस्टांत नाशिककडील पुरानें तेंच धरण भरत आलें, तरी मराठवाड्याचीं शेतें पावसाची वाट पाहतच होतीं. शिवाय १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यांत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले व त्यास तापलेला अरबी समुद्र कारण आहे, असें हवामानशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखविलें. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळला, तर तो पूर होऊन निघून जातो. जमिनींत मुरत नाहीं.

कोरड्या वर्षीं कोणी म्हणतो, हें अमक्या गांवाच्या पापाचें फळ आहे. असें बोलूं नये. एलीया देवाचा विश्वासू सेवक होता, तरी त्याचाही ओहोळ आटला. शेजाऱ्याच्या कोरड्या विहिरीवरून त्याच्या अंतःकरणाचा न्याय करण्याचा अधिकार कोणास दिलेला नाहीं.

आतां हाताचा भाग. नदी पावसाळ्यांत पावसावर वाहते, परंतु हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत ती जमिनींतील पाझरावर जगते. आपली भूमि काळ्या खडकाची. तिच्या मुरुमांत व भेगांत काय तें पाणी राहतें. डोंगर उघडा केला, तर पाणी न मुरतां माती घेऊन धांवतें. बोअर खोल नेला, तर ओढ्यास मिळावयाचा पाझर वाटेंतच ओढला जातो. वाळू उपसली, तर उन्हाळ्यांत झिरा खणून घागर भरण्याची सोयही जाते. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस जिकडे तिकडे लाविला, तर चार महिन्यांच्या ज्वारीस पुरणारें पाणी त्यास कसें पुरावें? धरणांचेंही तसेंच. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि जायकवाडी १९७६ सालीं. त्यांनीं पुष्कळांच्या घरीं भाकर आणिली, हें कृतज्ञतेनें कबूल केलें पाहिजे. परंतु वर अडविलेलें पाणी त्या वेळीं खालच्या पात्रांत वाहत नाहीं, हेंही तितकेंच खरें. आणि हवा तापण्याचें मोठें कारण मनुष्यानें जाळलेला कोळसा व तेल हेंच असल्यामुळें त्याचा हात आतां आकाशापर्यंतही पोहोंचला आहे.

इसहाकाच्या चाकरांनीं विहीर खणली, तेव्हां गरारच्या गुराख्यांनीं तिच्या पाण्यावर हक्क सांगितला, आणि त्या विहिरीस तंट्यावरूनच नांव पडलें. आपल्या खोऱ्यांतही तेंच चाललें आहे. २०१५ व २०२३ सालीं नगर-नाशिककडील धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्यावरून वरचे व खालचे यांत तंटा झाला, व तो न्यायालयांत गेला. टंचाईच्या वर्षीं खोऱ्यांतील सर्वांनीं तूट सारखी वांटून घ्यावी, हें तत्त्व २००५ च्या कायद्यांत आहे. पण कायदा धरणाचे दरवाजे उघडूं शकतो, मनाचे नाहीं. इसहाक भांडला नाहीं. पुढें जाऊन त्यानें दुसरी व मग तिसरी विहीर खणली. तिसरीस कोणी आडवें आलें नाहीं, म्हणून तिचें नांव त्यानें रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असें ठेविलें. त्यास पुढें जावयास रान मोकळें होतें. आज खोऱ्यांत तसें रान उरलें नाहीं. आजचें रहोबोथ नवी विहीर खणून मिळावयाचें नाहीं. तें आपली गरज आवरूनच मिळेल.

हें अशक्य आहे काय? अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव पाहा. तेथें पाऊस थोडाच पडतो. परंतु तेथील लोकांनीं डोंगरावर चर खणले, झाडें राखिलीं, शेतीसाठीं बोअर घेणें बंद केलें व उसाची हाव सोडली. दरवर्षीं पावसाचें माप घेऊन, गांवांत पाणी किती आहे व त्यावर कोणतें पीक घ्यावें, हें तेथें सर्वांसमक्ष ठरतें.

म्हणून पाळकांस व उपदेशकांस आमची विनंति आहे. पावसासाठीं प्रार्थना अवश्य करावी, कारण आकाश आपल्या हातीं नाहीं. परंतु जें देवानें आपल्या हातीं सोंपविलें आहे, तें पुन्हां त्याच्याकडे मागूं नये. मंदिराच्या अंगणांत पर्जन्यमापक ठेवावा व त्याचा आंकडा पेरणीपूर्वीं मंडळीस वाचून दाखवावा. वाळूच्या पैशाचा मोह धरूं नये, असें स्पष्ट सांगावें. आणि दर रविवारीं नदीच्या खालच्या अंगास असलेल्या एका गांवाचें नांव घेऊन प्रार्थना करावी. ज्याचें नांव आपण देवापुढें घेतों, त्याचें पाणी तोडावयास हात सहज धजत नाहीं.

करीथ आटल्यावर देवानें एलीयास कोठें धाडलें, हें आठवा. तेथें भरलेलें कोठार नव्हतें. मडक्यांत मूठभर पीठ उरलेली एक विधवा होती. तिनें त्यांतूनच त्यास वाढलें, आणि तें पीठ सरलें नाहीं.