शिकलेले हात आणि परक्याचे शेत



बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या भाकरीच्या घरातच एकदा दुष्काळ पडला आणि नामी आपला पती व दोन मुलगे यांच्यासह मवाब देशात पोट भरायला गेली. तिथे पती वारला, पुढे दोन्ही मुलगेही वारले. रिकाम्या हातांनी ती माघारी निघाली, तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिच्याबरोबर आली. आता परदेशी कोण, तर रूथ. दोघी बेथलेहेमला पोहोचल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. घरात दाणा नव्हता. रूथने सासूची परवानगी घेतली आणि कोणाच्या तरी शेतात सरवा वेचायला गेली. कापणाऱ्यांच्या मागे राहून गळालेली कणसे गोळा करणे हे शेतातले सर्वांत खालचे काम. ते तिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत केले.

या रविवारी रूथचे पुस्तक उघडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. आपली मुले-मुली शिकली. कोणी परिचारिका झाली, कोणी आयटीआय करून फिटर झाला, कोणी अभियंता झाला. त्यांतील काही परदेशी गेली. फोनवर विचारले की ‘सगळे ठीक आहे’ म्हणतात. मग कधीतरी कळते, की मुलगा सध्या मोठ्या शहरापासून दूर कुठेतरी द्राक्षे तोडतो आहे किंवा शेडमध्ये संत्री पेट्यांत भरतो आहे. आईवडिलांचा चेहरा उतरतो. मिस्सानंतर कोणी चौकशी केली तर ‘कंपनीत आहे’ एवढे सांगून ते विषय बदलतात. बंधु-भगिनींनो, या लपवालपवीवर आज आपण थोडे चिंतन करू या.

शिकलेल्या हातांनी मातीकडे वळणे आपल्या भागाला नवीन नाही. आपण राहतो त्या वस्तीचे नावच कष्टकऱ्यांवरून पडले आहे. भोई म्हणजे खांद्यावर पालखी वाहणारे. पुढे याच परिसरात गिरण्या उभ्या राहिल्या. स्प्रिंग मिल, गोल्ड मोहर, टाटा मिल ही नावे आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही. हजारो कामगार कोकणात, साताऱ्याला, सांगली-कोल्हापूरकडे आपल्या गावी परतले. कितीतरी जणांना गिरणीचे काम पुन्हा मिळाले नाही.

हे अडाणी मजूर नव्हते. साचेखात्यातल्या विणकराला हजारो धाग्यांतला एक तुटलेला धागा क्षणात दिसत असे आणि तो बोटांच्या एका हालचालीत सांधला जात असे. असा कारागीर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करू लागला. पुष्कळांच्या वाट्याला जमिनीचा तुकडा एवढासाच होता, म्हणून दुसऱ्याच्या शेतातही जावे लागले. मुंबईचा पगारदार म्हणून ज्याला गणपतीत मान मिळायचा, तो आता रोजंदारीला जातो, हे गावाने पाहिले. त्याची बोटे तीच होती आणि त्यांतले कसबही कुठे गेले नव्हते. मग त्याची किंमत का घसरली?

या प्रश्नाला उत्तर देणारे एक पत्र संपाच्या अवघे चार महिने आधी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगाला लिहिले होते. ‘लाबोरेम एक्सरसेन्स’ हे त्याचे नाव. हे पोप तरुणपणी पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात राबले होते. त्या पत्रात शेतीच्या कामाच्या प्रतिष्ठेवर एक स्वतंत्र भाग आहे आणि कामासाठी देश सोडणाऱ्यांवरही एक आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे. कामाला मोल येते ते काम करणारा माणूस आहे म्हणून. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर आधी असणे आणि मग करणे. झाड आधी, फळ नंतर. आपण मात्र हा क्रम उलटा करतो. हुद्दा आधी पाहतो आणि त्यावरून माणूस मोजतो. मग हुद्दा गेला की माणूसही गेल्यासारखा वाटतो.

१९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली आणि कोकणात काजू-आंब्याची कलमे मोठ्या प्रमाणावर लागली. कलम बांधताना खुंटाला छेद द्यायचा, त्यात काडी बसवायची आणि पट्टी अशी आवळायची, की जोड घट्ट बसेल पण चिरडणार नाही. धागा सांधणाऱ्या बोटांना हे काम परके वाटू नये. देवाने दिलेले कसब कारखान्याच्या दारावर टाळे लागले म्हणून संपत नाही.

संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलमाचाच दाखला दिला आहे. रानटी जैतुनाची फांदी मशागतीच्या जैतुनावर बसवली, तर ती त्याच्या मुळांचा रस घेऊन वाढते. मात्र फांदीने मुळावर तोरा मिरवू नये, असेही तो बजावतो. परदेशी गेलेले आपले मूल हे असेच कलम आहे. कलमाला पहिल्या दिवसांत फळ मागायचे नसते. आधी जोड धरू द्यायचा असतो.

जोड धरण्याची ही वाट परदेशात कशी असते, हे पालकांनी समजून घ्यावे. ऑस्ट्रेलियाचा ४९१ क्रमांकाचा व्हिसा कुशल व्यक्तींना प्रादेशिक भागासाठी दिला जातो. तो पाच वर्षांचा असतो आणि तिथे किमान तीन वर्षे राहून काम केल्यावर अटी पूर्ण करणाऱ्यांना कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. आपल्या विद्येचे काम लहान गावात लगेच मिळेलच असे नाही. हंगामात शेताला मात्र माणसे लागतात. तसेच १८ ते ३० वयाच्या भारतीय तरुणांसाठी २०२४ साली वर्षाला १,००० जागांचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू झाला. त्यात दुसरे वर्ष हवे असेल, तर ठरलेल्या भागांत तीन महिने ठरावीक प्रकारचे काम करावे लागते, आणि त्यात शेतीकाम मोठे आहे. म्हणजे मुलगा शेतात आहे याचा अर्थ तो वाया गेला असा नाही. न्यू साउथ वेल्समधील वूलगूलगा या गावी शेतमजूर म्हणून आलेले पंजाबी पुढे स्वतः केळीचे बागायतदार झाले.

पण प्रत्येक शेताचा मालक बवाज नसतो. जून २०२४ मध्ये इटलीतील लातिना परिसरात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या घराबाहेर टाकून देण्यात आले. दोन दिवसांनी तो मरण पावला. शेतात कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो. तो आक्रोश आजही चालू आहे.

बवाजाने काय केले ते पाहा. त्याने ही मुलगी कोणाची, याची चौकशी केली. तिला कोणी हात लावू नये, अशी गड्यांना ताकीद दिली. तहान लागली तर पाणी कुठे प्यायचे ते सांगितले आणि जेवताना आपल्या माणसांत बसवले. शिवाय रूथने वेचलेले दाणे ही भीक नव्हती. शेताचे कोपरे न कापता गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी सोडावेत, असा देवाचा नियमच होता. तिचा तो हक्क होता. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही शेवटच्या तासाला आलेल्या मजुराला मालक पूर्ण दिवसाचा दिनार देतो, कारण त्याच्याही घरी पोटे आहेत. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल २०२२ पासून फळतोडणीच्या उक्त्या कामालाही किमान वेतनाची हमी मिळाली. तोडणारा नवखा असला, हात हळू चालला, तरी तासाचे ठरलेले किमान वेतन त्याला मिळायला हवे. आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे.

म्हणून आमच्या काही विनंत्या आहेत. कर्ज काढून पैसे भरण्यापूर्वी नोकरी देणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहा. कामाचे स्वरूप, मजुरी आणि राहण्याचे भाडे लेखी घ्या. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका. जिथे जाल तिथले चर्च पहिल्याच आठवड्यात शोधा, कारण परक्या गावात अडीअडचणीला हाक मारण्यासाठी चार ओळखीची माणसे लागतात.

आणि आईवडिलांना एक वेगळी विनंती. रूथ संध्याकाळी झोडून काढलेला सातू घेऊन घरी आली, तेव्हा नामीने तिला काय विचारले? आज तू कुठे वेचलेस, कुठे काम केलेस? त्या प्रश्नात लाज नव्हती, जिव्हाळा होता. आणि ज्याने रूथची दखल घेतली, त्या अनोळखी माणसाला तिने आशीर्वाद दिला. तुम्हीही फोनवर तसेच विचारा. हुद्दा विचारू नका. कुठले पीक आहे, ऊन किती आहे, जेवलास का, सोबत कोण आहे, हे विचारा. ज्या मुलाला घरी खरे सांगता येते, तो संकटातही खरे सांगतो. ज्याला घरची अब्रू सांभाळायची असते, तो मजुरी बुडाली तरी, मार बसला तरी, ‘सगळे ठीक आहे’ म्हणत राहतो. म्हणून ही लपवालपवी आपल्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. ती थांबवणे आपल्याच हाती आहे.

बवाजाची भूमिका मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. दूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेली माणसे आपल्या गल्लीत राबतात. त्यांतले कितीतरी जण गावी काही वेगळे काम जाणणारे असतील. आपले मूल परक्या देशात कोणीतरी पंगतीला बसवावे असे वाटत असेल, तर आधी आपल्या दाराशी आलेल्याला पाणी विचारू या.

सरवा वेचणारी हीच रूथ दावीद राजाची पणजी झाली आणि संत मत्तयाने येशू ख्रिस्ताच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले. आजच्या मिस्सात वेदीवर जी भाकर अर्पण होईल, तिचा गहू कोणी पेरला, कोणी कापला, हे आपल्याला ठाऊक नाही. तो कापणारा किती शिकला होता, हे देव विचारत नाही. त्या अर्पणाबरोबर शेतात राबणाऱ्या आपल्या मुलामुलींची नावे आज मनात उच्चारू या. ज्यांना सर्वांसमोर प्रार्थना हवी असेल, त्यांनी ती नावे संकोच न करता आमच्याकडे द्यावीत.

प्रभू आपणा सर्वांना आणि दूरदेशी राबणाऱ्या आपल्या लेकरांना आशीर्वाद देवो. आमेन.

– आपले धर्मगुरू