श्री मोहिनीराज आणि अरंगेत्रम्

भाविकहो, श्रीक्षेत्र नेवासे येथे प्रवरातीरी ज्या श्री मोहिनीराजांचे आपण दर्शन घेतो, ते भगवान विष्णूंचे मोहिनीरूप होय. देवांना अमृत वाढणारी मोहिनी हीच आणि भस्मासुराला नृत्यात जिंकणारीही हीच. म्हणूनच, ज्यांची कन्या नृत्य शिकते अशा मातापित्यांसाठी येथे चार शब्द सांगणे उचित वाटते.

भरतनाट्यम् शिकणारी शिष्या अनेक वर्षांच्या साधनेनंतर प्रथमच एकटीने संपूर्ण नृत्य सादर करते, त्यास ‘अरंगेत्रम्’ म्हणतात. या तमिळ शब्दाचा अर्थ रंगमंचावर आरोहण. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् व तिल्लाना हा त्याचा क्रम आपणांस परका नाही. १६२४ साली याच जिल्ह्यात भातवडीच्या रणांगणावर लढलेल्या शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावरास मराठी राज्य स्थापिले. त्याच गादीवरील दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या बंधूंनी हा क्रम सिद्ध केला. स्वतः सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठी रचना केल्या. त्यांस नाव ‘निरूपण’. आपल्या कीर्तनातलाच हा शब्द!

ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली ती मात्र देवळांत नाचणाऱ्या स्त्रियांनी. बालसरस्वतींचे अरंगेत्रम् १९२५ साली कांचीपुरमच्या कामाक्षी मंदिरात झाले, तेव्हा त्या अवघ्या सात वर्षांच्या होत्या. समाजाने अशा स्त्रियांनाच हीन लेखले, आणि १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी प्रथेबरोबर देवळातले त्यांचे नृत्यही कायद्याने थांबले. आपली कन्या घुंगरू बांधते तेव्हा त्यांचे ऋणही पायी बांधते, हे तिला अवश्य सांगावे.

अलीकडे सभागृह, शालू व भोजनावळ यांचा खर्च फार वाढला आहे. त्यापायी कोणी कर्ज काढतो, हे ऐकून मन खिन्न होते. अरंगेत्रमला खरोखर लागतात ते गुरू, गायक, मृदंगवादक आणि एकाग्र चित्त.

याची कसोटी वर्णम्‌मध्ये लागते. अर्धा तास व त्याहूनही अधिक काळ चालणारा हा भाग. वेगवान पदन्यासाने देह थकलेला असतो, आणि त्याच क्षणी मुखावर देवाच्या भेटीची आर्तता उमटावी लागते. भस्मासुराची कथा येथे स्मरावी. मोहिनीने केलेला प्रत्येक हावभाव त्याने हुबेहूब केला. नृत्यात तो कोठेच चुकला नाही. परंतु त्याचे सारे लक्ष समोरच्या सौंदर्याच्या लोभात होते. आपल्या हातात कोणते सामर्थ्य आहे, याचे भान सुटले. मोहिनीने मस्तकी हात ठेवला, त्यानेही ठेवला आणि तो भस्म झाला. याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागितली, अवधान.

तेव्हा मातापित्यांनो, त्या दिवशी कन्येचा एखादा ताल चुकला तर घरी येऊन तिला बोल लावू नका. चुकूनही जिचे चित्त देवापासून ढळले नाही, तिची सेवा रुजू झाली असे समजावे. नृत्यापूर्वी व नृत्यानंतर ती भूमीला हात लावून नमस्कार करते, तो पायांच्या आघाताबद्दल क्षमा मागण्यासाठी. त्या वेळी टाळ्या क्षणभर आवराव्यात.