कर्णा वाजल्यावर

पुण्याचा पाहुणचार घेऊन निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते, सोपानदेवांच्या सासवडला विसावते आणि मग जेजुरीची वाट धरते. कौतुक होतं ते घाटाचं. कॅमेरे तिथंच जमतात. मला मात्र पुढची सासवड-जेजुरी ही 16-17 किलोमीटरची, उघड्या माळावरची वाट अधिक बोलकी वाटते.

सकाळी कर्णा तीनदा वाजतो आणि तेवढ्यात आवराआवर, रांग आणि कूच उरकतं. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता लोंढा दिसतो. आत शिरलं की कळतं, इथं प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. रथापुढं कोणती दिंडी, रथामागं कोणती, याला क्रमांक आहेत. दिंडीतही आधी पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि मागं डोईवर तुळस घेतलेल्या बायका. ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. बाबा मूळचे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या. राहुट्या, चोपदार, कर्णा, अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे हा लष्करी सरंजाम मात्र वारीत शाबूत राहिला. जिंकायचं काहीच नाही आणि शिस्त मात्र छावणीची, हे मला वारीतलं सर्वांत मोठं नवल वाटतं.

बोरावके मळा मागं पडतो. अंजिराच्या बागा, बाजरीची रानं, पावसाची वाट पाहणारी कऱ्हा. मागं वळून पाहावं तर पुरंदरचा डोंगर. 1665 च्या उन्हाळ्यात मिर्झाराजे जयसिंगाची फौज याच मुलखात तळ देऊन होती. मुरारबाजी पडले, जूनमध्ये तह झाला, शिवाजी महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. त्या फौजेपुढून गावं ओस पडली असतील. या फौजेपुढं यमाई शिवरीची माणसं भाकरी-पिठलं घेऊन उभी असतात आणि ‘घ्या माउली’ म्हणत वाढतात.

पण शिस्तीचे फार गोडवे गाताना इरावती कर्वे आठवतात. त्या पुण्याहून या वाटेनं चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी न चुकवता लिहिलं, की एकाच दिंडीत दिवसभर बरोबर गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. ज्या घडीनं गर्दी आवरली, तिनंच भेदही जागच्या जागी सांभाळले. पाय एका तालात पडले म्हणून पंगत एक होत नाही. हे आज बरंच बदललं आहे. आपोआप मात्र बदललेलं नाही.

साकुर्डे ओलांडलं की जेजुरीचा गड दिसू लागतो. तटबंदी, दीपमाळा आणि आत घोड्यावरचा खड्गधारी खंडोबा. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची; देवाच्या घरातच दोन जाती नांदतात. संतांनी नवसाच्या देवांना कमी चिमटे काढलेले नाहीत. तरी वेशीवर भंडारा उधळला जातो, रथ पिवळा होतो, आणि बुक्क्याच्या कपाळावर हळद लागल्याबद्दल कुणी वारकरी तक्रार करत नाही. पालखी गड चढत नाही, पायथ्याला तळावर उतरते. वारकरी आपापल्या हौसेनं पायऱ्या चढून येतात.

संध्याकाळी समाजआरती. दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ थांबतात. हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणी क्रम मोडला असेल, तिनं एवढंच करायचं: टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हाच ते टाळ थांबतात. आज्ञा न पाळण्याची रीतच नियमात बसवणारी छावणी हैबतबाबांनी ग्वाल्हेरला खास पाहिली नसणार.