पैसे भरलेत ना आपण!

पैसे मोजले की वस्तू हवी तशी वापरायचा हक्क मिळतो का? दुबईतल्या सुट्टीच्या शेवटच्या सकाळी हा वाद झाला. चेकआउट बाराला होतं आणि मुलीला बाथटब पुन्हा काठोकाठ भरून हवा होता. माझे वडील आटपाडीचे. म्हणाले, "बास की आता." ती म्हणाली, "आबा, पैसे भरलेत ना आपण!"

मुद्दा फालतू नाही. दुबईच्या नळाला येतं ते बहुतेक समुद्राचंच पाणी, मीठ काढून गोड केलेलं. आपण टब भरला म्हणून तिथं कुणी तहानलेलं राहत नाही.

परतीच्या विमानात मला टेंभू योजना आठवत राहिली. सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीपर्यंत न्यायचं. त्याचीही पट्टी असते. पण पट्टी भरली म्हणून कुणी पाणी वाया घालवलं, तर पुढच्या शिवाराला कमी पडतं. हक्क असतो, पण तो पुढच्या माणसापाशी थांबतो.

दुबईत हा पुढचा माणूस दिसत नाही, एवढंच. समुद्राचं पाणी गोड करायला प्रचंड इंधन जळतं आणि त्या धुराची झळ कुणाच्या तरी पावसाला बसते. (आमचं विमानही काही वाऱ्यावर चालत नव्हतं.)

वडिलांना एवढा हिशेब लागत नाही. १९७२च्या दुष्काळात ते आठ वर्षांचे होते. मुलीला मात्र कारण लागतं, आणि ते तिनं मागावंच.