शेठचा टँकर

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी, गुंठेवारीच्या प्लॉटांवर एकाखाली एक तीन घरं होती. वर शेठचं, मध्ये मास्तरांचं, खाली एका आजींचं. उतार डोंगराकडून बीड बायपासकडे, पाणीही त्याच वाटेनं जायचं. शेठनं बैठं घर पाडून दुमजली बांधेपर्यंत या पाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

नव्या घराचं जोतं शेठनं चांगलं दोन फूट उचललं. अंगणात मुरूम होता, तो झाकून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. गच्चीचे पाइप रस्त्याकडं काढायला लांब पडत होते, म्हणून मास्तरांच्या भिंतीकडं सोडले. पाइपाची लांबी वाचवण्यात ठेकेदाराला जेवढं सुख मिळतं, तेवढं दुसऱ्या कशात मिळत नसावं. पहिल्याच मोठ्या पावसात मास्तरांच्या ओसरीत घोटाभर पाणी.

"शेठ, तुमचं पाणी आमच्या घरात यायलंय."

"उताराला पाणी येणारच, मास्तर. डोंगर काय मी आणून ठेवला का?"

मास्तर वकिलाकडं गेले. वकिलांनी सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा उलगडून सांगितला. वरच्या जमिनीवरचं पाणी आपसूक उतारानं येत असेल, तर खालच्यानं ते येऊ द्यायचं. पण गच्चीवर गोळा करून पाइपानं एका जागी सोडलेलं पाणी आपसूक म्हणता येत नाही. दावा लावता येईल, मात्र तारखा पडतील. मास्तरांनी फक्त 'तारखा' ऐकलं. घरी येऊन त्यांनी भिंतीलगत विटांचा बांध घातला.

पुढच्या पावसात पाणी बांधाला लागून वळलं आणि बोळातून आजींच्या स्वयंपाकघरात शिरलं.

मास्तर म्हणाले, ते माझं नाही, शेठचं. शेठ म्हणाला, माझं कसलं, आभाळाचं. आजी म्हणाल्या, "मंग माझ्या पिठाच्या डब्यात कुणाचं गेलं ते तरी ठरवा."

त्यांनी उंबरा उचलायला गवंडी बोलावला. म्हाताऱ्या गवंड्यानं आधी तिन्ही घरांभोवती चक्कर मारली. मग शेठला हाक दिली.

"गच्ची केवढी तुमची?"

"हजार फूट."

"म्हणजे ९३ चौरस मीटर धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस झाला की एक लिटर पाणी. ५० मिलिमीटर पडला तर साडेचार हजाराच्या वर गेलं. उन्हाळ्यात टँकर केवढा मागवता?"

"पाच हजारचा."

"तसला एक टँकर तुम्ही मास्तरांच्या ओसरीत रिकामा करायलात."

मास्तरांना हसू आलं. गवंडी त्यांच्याकडं वळला. "अन् तुम्ही तोच आजीच्या पिठात ढकलायलात. मी हा उंबरा उचलला की आजी पुढच्या घरात ढकलतील. ढकललेलं पाणी जात नसतं मास्तर, नुसतं दार बदलतं. मलिक अंबरनं चारशे वर्षांमागं ह्याच गावाला नहर बांधून दिली. डोंगराकडलं पाणी जमिनीखालून आणलं, ना मोटर, ना वीज. उताराशी भांडला नाही तो, उतार वापरला."

शेठला कायद्यापेक्षा टँकरचा हिशोब लवकर पटला. बहुतेकांचं तसंच असतं.

मास्तरांची बोअर भिंतीजवळच होती, मे महिन्यात हमखास आटणारी. पाणी तिथंच जिरवायचं म्हणून तिच्याभोवती खड्डा खणला, केसिंगला छिद्रं पाडून जाळी गुंडाळली. खाली दगडगोटे, त्यावर खडी, वर वाळू. दोन्ही गच्च्यांचे पाइप तिथं आणले. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह बसवला आणि खड्डा भरला तर जास्तीचं पाणी रस्त्याच्या गटारीत जाईल अशी सोय केली. पाइपांसाठी शेठला अंगणातली नवी फरशी खोदावी लागली. पेव्हर ब्लॉकची एक पट्टी उचकटून तिथला मुरूम मोकळा केला. मास्तरांनी बांध फोडला, त्या विटा खड्ड्याच्या कडेला लागल्या.

खर्चाचे दोन वाटे शेठनं उचलले, एक मास्तरांनी. उन्हाळ्यात बोअरला जे पाणी राहील ते तिन्ही घरांनी वापरायचं ठरलं. आजींनी पैसे दिले नाहीत. खड्ड्यात कचरा टाकणाऱ्याला शिव्या द्यायचं काम मात्र त्यांनी मागून घेतलं, आणि पहिली शिवी शेठच्या नातवाला बसली.